उजव्या पायातली पट्टी

"बाई, गुडघ्यात ओवायची पट्टी आता उजव्या पायातनंच काढावी लागेल," डॉक्टर बनाबाईला म्हणाले. पण पोराचा उजवा पाय तर धडधाकट होता!

तिचा जोतीराम मेढ्याच्या डोंगरात टपालाची थैली वाहायचा. भूकंपानं ढिली झालेली दरड पायाखालनं सुटली, अन् डाव्या गुडघ्यातला बंध आतल्या आत तुटला. दिवाळीपर्यंत घाट चढलास तर नोकरी तुझी, असं पोस्टमास्तरांनी तोंडावर सांगितलेलं. म्हणून तर मायलेक एवढ्या लांब सांगलीच्या दवाखान्यात आले होते.

"आवं, मोडलाय डावा. उजव्यानं काय घोडं मारलंय?"

डॉक्टर चिडले नाहीत. तुटलेला बंध शिवून जुळत नाही, त्याच्या जागी अंगातलीच दुसरी चिवट पट्टी ओवावी लागते, त्यांनी समजावलं. "गुडघ्याच्या वाटीखालची, नाहीतर मांडीवरची. डाव्यातलीच घेतली असती. पण हे बघा." त्यांनी चादर सारली. मांडीपासून नडगीपर्यंत तापल्या विळ्याचे नऊ डाग. दोन अजून पाझरत होते. "पट्टी ओवायला बाजूची कोरी जागा पुरते, पण ती काढायला इथं लांब सुरी लावली तर पाय सडेल. कुणी दिले हे?"

"वैदूनं," जोतीराम म्हणाला. "मुका मार हाय म्हनून."

वैदूला घरी आणलं कुणी, ते पोरगं बोललं नाही. बनाबाईला वाटलं, त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं रं बाबा.

"आन् उजवा? त्यो पयल्यासारका ऱ्हाईल?" तिनं विचारलं.

"चालेल. घाटाची खात्री मी देत नाही."

"मग माजी काढा की!" तिनं लुगडं गुडघ्यावर ओढलं. "पन्नास वर्सं डोंगूर चढतीया. लय चिवट हाय."

"दुसऱ्याची अंगाला मानवत नाही, बाई."

"दुसऱ्याची? आवं, मी आय हाय त्येची!"

डॉक्टरांनी जोतीरामकडं बघितलं.

"काढा उजव्यातली," जोतीराम म्हणाला.

पायावरचे केस काढायला नर्स वस्तरा घेऊन आली, तशी बनाबाईनं त्या धडक्या पायाला मिठीच मारली. नर्सनं ओढलं, समजावलं, पण ती काही सोडीना.

जोतीराम छताकडं बघत पडला होता. तसंच बघत हळूच म्हणाला, "आये, सोड. डाग देताना बी असाच घट्ट धरला व्हतास."