नरहर मास्तरांचा अहवाल

काचीगुड्यातल्या त्या शाळेत सगळं शिकवणं उर्दूत चाले, मराठीला दिवसाचा जेमतेम एक तास. नरहर मास्तरांनी बेचाळीस मराठी मुलांना तीच गणितं दोन्ही भाषांत घालून पाहिली. उर्दूत नऊ जणांना सुटली, मराठीत सदतीस जणांना. दोन वर्षं पुन्हापुन्हा पडताळून, मराठीतून शिकवावं असा अहवाल त्यांनी वर धाडला.

एक दिवस शिक्षणखात्याच्या कचेरीतले अधिकारी राजेश्वरराव स्वतः आले. "मास्तर, तुमचे आकडे सरकारला पटले. हुकूमही निघाला."

शेरवानीची बटणं लावून मास्तरांनी कागद हाती घेतला. मुलं उर्दूत फार कच्ची असल्याचं सिद्ध झालं होतं. सबब मराठीचा तास उद्यापासून उर्दूला दिला होता.

"हे काय हो, राव?"

"पुरावा तुमचाच आहे, मास्तर. हुकुमात नावही घातलंय तुमचं."