गडद की फिकी

“आवाज मुंगीचा आणि हौस मुकादमकीची!” नगारा म्हणाला. वीस वर्षं कापड गिरणीच्या मागखात्यात ओरडून ओरडून त्याला हे नाव पडलं होतं. अबोलीला तिचं नाव पडलं होतं कधीच न ओरडल्यामुळे.

मुकादमाची जागा एकच होती. साहेबांनी दोघांना काचेच्या खोलीत बोलावलं. काचेपलीकडे तीस माग एका दमात खडखडत होते.

“शेवटच्या मागावरच्या बाईंना सांगा, निळ्या सुताची कांडी लावा. बघू कुणाचं पोचतं.”

नगाऱ्यानं दार उघडलं, छाती भरून घेतली आणि गर्जला. शेवटच्या बाईंनी मान डोलावली आणि पिवळी कांडी लावली.

“बहिरी आहे की काय!” तो करवादला.

आता अबोलीची पाळी होती. काचेपाशी जाऊन ती नुसती उभी राहिली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “मुहूर्त बघताय का?”

“नाही साहेब. पहिल्या मागावरच्या ताई अजून इकडे बघत नाहीत.”

“मग ओरडा की!”

“माझे आईबाबा दोघंही जन्मापासून बहिरे. आमच्या घरात कुणाला काही सांगायचं तर आधी त्याचे डोळे मागून घ्यावे लागतात. न बघणाऱ्याशी बोललेलं आम्ही बोलण्यात धरत नाही.”

“झालं! आता घरचे संस्कार निघाले,” नगारा पुटपुटला.

ताईंनी मान वर केली. अबोलीची बोटं हलली. ताईंची बोटं पुढच्या बाईकडे वळली, तिची तिच्या पुढचीकडे. दोन महिने जेवणाच्या सुट्टीत अबोली हेच शिकवत होती. नगाऱ्याला वाटायचं, बाया माश्या हाकलतायत.

शेवटच्या मागावरची पिवळी कांडी निघाली. निळी मात्र लागेना. नगाऱ्याच्या मिशीत हसू फुटलं. तेवढ्यात हात पुन्हा हलू लागले, या वेळी मागून पुढे, थेट काचेपर्यंत.

“साहेब, त्या विचारतायत, गडद की फिकी?”

साहेबांनी भुवया उंचावल्या. “हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.”

“मागावरून प्रश्न?” नगारा चक्रावला. “वीस वर्षांत मला कुणी उलटून विचारलं नाही!”

“विचारलं असेल, काका. तुम्ही ओरडत होतात.”

साहेबांना हसू आवरेना. “फिकी. आणि हेही कळवून टाका, आजपासून मुकादम तुम्ही.”

अबोलीनं कळवलं. पहिल्या मागापासून शेवटच्यापर्यंत एकेक हात उंच गेला. पसरलेली बोटं हवेत सळसळू लागली.

“आता आणखी काय विचारतायत?” नगारा म्हणाला.

“काही नाही, काका. टाळ्या वाजवतायत.”