गॅरेजमधला टेनिस बॉल

माझ्या नवऱ्याला, पुष्करला, मोबाइलवरच्या युक्त्यांचं भलतं वेड. त्यानं गॅरेजच्या छताला दोरीनं टेनिस बॉल टांगलाय. गाडी आत घेताना बॉल काचेला टेकला की थांबायचं, म्हणजे भिंतीला धडक बसत नाही म्हणे.

आज सकाळी तो गाडी घेऊन औंधला गेला. दुपारी कुकरचं हँडल सैल झालं, म्हणून मी स्क्रूड्रायव्हर आणायला गॅरेजमध्ये गेले.

गॅरेज रिकामं होतं. बॉल मात्र तिरका, काचेला टेकावा तसा, हवेतच थांबलेला.

मी पुष्करला फोन लावला. रिंग वाजत असताना, एरवी बॉनेट असतं तिथं हात पुढे केला.

“कुठं आहेस रे?”

“हा काय, समोर गाडीत बसलोय की,” तो म्हणाला. “आधी हात काढ. बॉनेट तापलंय.”