रिकाम्या सुटाची पावलं

व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट शलाकाताईंनी दीड वर्षाच्या ईशानच्या अंगावरून यंत्राचा चालता सूट ओरबाडून काढला, तशी त्याची आई सायली किंचाळायचीच बाकी राहिली.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे ना? ढिल्या स्नायूंच्या पोरांना सूट सक्तीचा आहे. काढला की आरोग्य खात्याला लगेच कळतं. तुमचं लायसन जाईल."

"जाऊ दे. पोरगा चालतोय असं वाटतं तुला?"

"मग काय नाचतोय? वाढदिवसाला केकपर्यंत चालत गेला."

"सूट गेला. हा आत बसून, पालखीतल्या देवासारखा. कधी पडलाय?"

कधीच नाही. सूट पडूच देत नसे.

ताईंनी ईशानला गोधडीवर पालथं घातलं. मान लटपटली, नाक गोधडीत रुतलं, त्याने भोकाड पसरलं. सायली उचलायला धावली, तर ताईंनी तिचा हात धरला. "रडू दे. रडण्यासाठी तरी मान उचलेल."

इतक्यात कोपऱ्यात फेकलेला सूट उठला. ईशानच्या रोजच्या व्यायामाची वेळ झाली होती. रिकामे पाय टाकत तो खोलीभर फिरू लागला. "ईशान छान चालतोय. अभिनंदन," असं गोड आवाजात म्हणालासुद्धा.

ईशान रडायचा थांबला. मान वर करून त्याने आपले पाय आपल्याशिवाय निघालेले पाहिले. मग कोपर रोवलं, ढुंगण उचललं आणि वीतभर सरकला. तोंडावर आपटला. पुन्हा कोपर रोवलं.

फोन वाजला. खात्याचा होता. ताईंनी हात पुढे केला, पण फोन सायलीने घेतला.

"हो, काढलाय सूट," ती म्हणाली. "मी काढलाय, त्याच्या आईने. काय करायचं ते करा."