लाल कागद

सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या टाकीत घाण खाऊन पाणी साफ करणारे जिवाणू सकाळपासून पटापट मरत होते. कुणीतरी गटारात अ‍ॅसिड सोडत होतं. ते थांबलं नाही, तर संध्याकाळपर्यंत शहराची सगळी घाण जशीच्या तशी नदीत, आणि तिथून खालच्या गावांच्या घशात जाणार होती.

केंद्रातल्या केमिस्टबाई माग काढत निघाल्या. मुकादम गटाराचं झाकण उचलायचा, बाई निळा लिटमस कागद बुडवायच्या. लाल झाला की पुढचं झाकण, निळाच राहिला की मागे फिरून दुसरी गल्ली.

"सापडू दे मेला, कारखान्याला टाळंच ठोकायला लावते!" बाई दातओठ खात म्हणाल्या.

कागद पुन्हा लाल झाला, तशा त्या पुढच्या वळणावर वळल्या. गल्ली ओळखीची होती. शेवटचं झाकण आधीच उघडं होतं, आणि त्यांचा धाकटा भाऊ आपल्या प्लेटिंगच्या कारखान्यातलं अ‍ॅसिडचं पिंप त्यात रिकामं करत होता. बहिणीला बघून त्याचा चेहरा खुलला.

 

"ताई, नदीत ओतू नकोस म्हणालीस ना? बघ, आजपासून सगळं तुझ्याकडेच पाठवतोय!"