हाकेला ओ

मोठ्या लाँचमध्ये गाणी कर्कश वाजत होती, म्हणून मी नातीसाठी जोतिबा नावाड्याची छोटी होडी ठरवली. प्रियदर्शनीला प्रतिध्वनी काय असतो ते दाखवायचे होते. कोयनेच्या जलाशयात मधोमध आल्यावर जोतिबाने वल्ही थांबवली. पाणी निश्चल झाले.

"आता समोरच्या डोंगराकडे बघून जोरात हाक मार," मी म्हणालो.

"आजोबा!" ती ओरडली.

क्षणभराने डोंगरातून आले, "आजोबा!"

"आवाज कड्यावर आपटून माघारी येतो, बाळा. भिंतीवर मारलेल्या चेंडूसारखा."

"लय भारी!" ती हसली आणि बिस्किटाचा पुडा फोडून खाऊ लागली.

"आजोबा!" डोंगरातून पुन्हा आले. तिचे तोंड तर बिस्किटाने भरलेले होते.

मुलाने हाक मारली की लगेच ओ द्यायची, ही माझी शाळेतली जन्माची सवय. "ओ!" मी म्हणून गेलो.

जोतिबाचा चेहरा उतरला. "आवं गुरुजी, ओ कशाला दिलीसा? डोंगरातनं एकदाच आलेल्या हाकंला हितं कुणी ओ देत न्हाई." तो जोरजोराने काठाकडे वल्हवू लागला.

प्रियदर्शनीने माझी बाही घट्ट धरली.

"घाबरू नकोस. काय झालं? बोल की."

तिचे ओठ स्पष्ट हलले. होडीत आवाज उमटला नाही. "आजोबा!" ही हाक डोंगरातून आली.

रडत रडत तिने पुन्हा तोंड उघडले. या वेळी हाक आली ती त्याच्याही मागच्या डोंगरातून.