मधे न थांबणारी गाडी

"अण्णा, पाय उचला जरा!" मकरंद वैतागून ओरडला आणि दोन्ही बॅगा घेऊन विमानतळावरच्या गाडीत चढला. वळून पाहतो तर दार मिटलेलं आणि वडील बाहेर फलाटावर.

व्हिएन्ना शहर येईपर्यंत गाडी कुठंच थांबणार नव्हती. अण्णांचा फोन बॅगेत, आणि मराठीखेरीज त्यांना दुसरी भाषा येत नव्हती. मघाचं आपलं खेकसणं मकरंदला राहून राहून टोचत होतं.

शहरात उतरून तो तसाच परतीच्या गाडीनं मागे आला. अण्णा जागचे हलले नव्हते.

"माझ्यामुळं तुला हेलपाटा पडला रे," ते ओशाळून म्हणाले.

मकरंदची मान वर होईना.

पुढची गाडी आली, तेव्हा अण्णांनी त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं.